तिसरी हाक

गुरुजींनी माझे खांदे धरले, मला गर्रकन वळवलं आणि माझं नाक वर्गाच्या भिंतीला लावलं.

चौथीचा वर्ग. मी नऊ वर्षांची. मेंदूच्या तापातून दीड महिन्याने उठून शाळेत आलेली. डोक्यावरचे केस काढलेले, पाय काड्यांसारखे. ताप गेला तो कान घेऊन गेला. आईने गुरुजींना तसं सांगितलं होतं. गुरुजींना ते पटलं नव्हतं.

पाठीमागे काय चाललंय ते मला कळत नव्हतं. ते नंतर एका मैत्रिणीने खुणा करून दाखवलं. गुरुजींनी आधी टाळ्या वाजवल्या. मग छडी टेबलावर आपटली. मग शाळेची लोखंडी घंटा काढून आणली आणि माझ्या डोक्यामागे बडवली. मी हलले नाही. कशाला हलेन? माझ्यासमोर चुन्याचा पोपडा होता, तो मी बघत होते. शेवटी त्यांनी ती घंटा खाली टाकली. सारवलेली जमीन, माझे पाय अनवाणी. थरथर तळव्यांना लागली आणि मी वळून बघितलं.

तिथेच फसले. गुरुजींनी कानाखाली वाजवली. सगळा वर्ग हसत होता. एवढी तोंडं उघडी आणि आवाज एकाचाही नाही. गुरुजींचे ओठ एकच शब्द पुन्हा पुन्हा करत होते. गोल होत होते, मिटत होते, परत गोल होत होते. मी टक लावून बघत राहिले आणि तो शब्द मला वाचता आला.

ढोंग.

ओठांवरून वाचलेला माझा पहिला शब्द हा. त्या दिवशी मी उभ्या जागी मुतले. पोरं बाजूला सरकली. मैत्रिणीने पुढे असंही दाखवलं की गुरुजी म्हणाले, मिठागरावरच्या लोकांना पोरी कामाला लावायच्या असतात, म्हणून ही नाटकं. गुरुजी गावातल्या वरच्या आळीचे, पक्क्या घरातले. त्यांचा शब्द खाली पडत नसे. माझी शाळा त्या दिवशी संपली.

आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. बाप मी रांगत असतानाच गेला होता. आई मिठागरावर मीठ ओढायची आणि पाट्या वाहायची. तिच्या पायांना भेगा होत्या आणि त्यात मीठ जाऊन त्या कधी भरत नसत. ताप यायच्या आधी, मला ऐकू येत होतं तेव्हा, ती संध्याकाळी बांधावर उभी राहून मला हाक मारायची. "बाय गो!" माझं नाव वेगळं होतं, पण घरात मी बायच. तिचा आवाज जाडसर होता, शेवटी थोडा फाटायचा. पहिली हाक संपायच्या आत मी धावत सुटायची.

त्यावरून ती मला ओरडायची. आमच्याकडे एक रीत आहे. पाठीमागून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. तिन्हीसांजेला तर नाहीच. तीनदा हाक आली तरच वळायचं.

"भूत तिनदा हाक मारीत नाय," आई सांगायची. "येकदा मारतं, लय तं दोनदा. ओ दिलीस तं गेलीस त्याच्यासंगं."

"पन आये, तुजा आवाज मी वलखते ना."

"भूत आयचाच आवाज काढतं गो."

मी हसायची. आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्याच हाकेला धावायची.

कान गेल्यावर आईने हाका मारणं सोडलं नाही. आमच्या शेजारणी तिला हसायच्या. बहिऱ्या पोरीला कसल्या हाका मारतेस? पण ती माझ्या खांद्याला हात लावायच्या आधी तीनदा "बाय गो" म्हणायचीच. कधी मी तिरकी बसलेली असले की मला ते तिच्या ओठांवर दिसायचं. एक, दोन, तीन. मग हात. आणि माझ्या डोक्यात तिचा तो जाडसर, शेवटी फाटणारा आवाज आपोआप उमटायचा. वीस वर्षं मी बहिरी होते, पण वीस वर्षं तो आवाज माझ्याकडे होता. तेवढा एकच होता. बाकीचे आवाज एकेक करून विरून गेले. कोंबडा कसा आरवतो तेही मी विसरले. हा मात्र मी जपला. डोळे मिटले की आई बांधावर उभी आणि हाक येते.

बारा-तेरा वर्षांची झाल्यावर आईने मला हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यात लावलं. आधी माती मळली. मग साच्यातून निघालेल्या मूर्ती घासल्या. मग रंग. विसाव्या वर्षी माझ्या हाती आखणी आली. आखणी म्हणजे देवाचे डोळे काढायचे. सगळा रंग झाला की हे सर्वांत शेवटी. पापणीची रेघ, बुबुळ, भुवई. ब्रशाला चार-पाच केस, श्वास धरायचा आणि एका दमात रेघ ओढायची. परत गिरवायची सोय नाही. रेघ चुकली की देव चकणा.

आमचे शेठ गिऱ्हाइकांना मला दाखवायचे. "बहिरी हाय. इथं वर पत्रा कोसलला तरी हिचा हात हलायचा नाय."

हे कौतुक होतं. बहिऱ्याचं कौतुक असंच होतं. मला बोलवायचं असलं की शेठ ओल्या शाडूचा गोळा करून माझ्या पाठीत मारायचे. सगळेच मारायचे. खांद्याला हात लावायला जवळ यावं लागतं, गोळा लांबून मारता येतो. संध्याकाळी माझ्या पोलक्यावर पाठभर सुकलेले डाग असायचे. आई ते धुवायची आणि काही विचारायची नाही. मीही काही सांगायची नाही. गोळा लागला की मी वळायची. पंधरा-सोळा वर्षं वळत राहिले.

नव्वद साल उलटून काही वर्षं झाली होती. रोह्याच्या कंपनीतले एक मोठे साहेब बायकोला घेऊन मूर्ती बघायला आले. त्यांचं साहेब लोकांचं एक मंडळ होतं. गरिबांना वह्या वाटायच्या, शिलाई मशीन द्यायची, असली कामं करायचं. साहेबांना मिशी नव्हती आणि बाईंच्या ओठांना लाली होती. दोघांचंही बोलणं मला लख्ख वाचता आलं. मिशीवाल्यांशी माझं कधी जमलं नाही, अर्धा शब्द मिशीतच राहतो. बाई माझी आखणी बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"देवाला डोळे देणारी मुलगी," त्या साहेबांना म्हणाल्या, "आणि देवाने हिला कान देऊ नयेत!"

साहेब म्हणाले, "मग आपण देऊ."

असं ते ठरलं. माझ्यासमोर ठरलं, पण मला कोणी विचारलं नाही. मुंबईत एक नवीन ऑपरेशन निघालं होतं. कवटीच्या हाडात यंत्राचा एक भाग बसवायचा, त्याची तार कानाच्या आत खोलवर सोडायची. वरून कानामागे लोहचुंबकाची एक चकती चिकटवायची. चकतीची वायर कमरेच्या डबीपर्यंत. डबी आवाज पकडते आणि आतल्या भागाकडे पाठवते. कान मेला असला तरी ऐकू येतं. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की पूर्वीसारखं येणार नाही, पुन्हा शिकावं लागेल. मंडळाने त्यातलं 'ऐकू येतं' एवढंच ऐकलं. त्यांचे कान चांगले असूनही.

मी हो म्हटलं. कोणासाठी म्हटलं ते सांगते. आईसाठी. आई पन्नाशी ओलांडून गेली होती, तिला खोकला लागला होता. तिचा आवाज मला एकदा बाहेरून ऐकायचा होता. डोक्यातला नव्हे, तिच्या तोंडातून निघालेला. त्यासाठी मी डोकं फोडून घ्यायला तयार झाले, आणि त्यांनी खरोखरच फोडलं. कानामागे अर्धचंद्र कापला, हाड कोरलं. महिनाभर मी एका कुशीवर झोपले.

महिन्याने इस्पितळातल्या मॅडमनी मला डबी लावली. आई समोर स्टुलावर बसली होती, लुगड्याचा पदर दोन्ही हातांत घट्ट धरून. मॅडमनी तिला खूण केली, बोला. आईने मान पुढे काढली आणि तिचे ओठ हलले. बाय गो. बाय गो. बाय गो.

पत्र्यावरून खिळा ओढावा तसं काहीतरी माझ्या डोक्यात तीनदा ओढलं गेलं.

तो आईचा आवाज नव्हता. तो बाईचाही नव्हता आणि माणसाचाही नव्हता. ओठ आईचे होते, आणि त्या ओठांतून भलतंच कोणीतरी मला हाक मारत होतं. लहानपणी ऐकलेलं मला तिथे, त्या पांढऱ्या खोलीत आठवलं. भूत आईचाच आवाज काढतं. इथे तर आईने भुताचा काढला होता.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. वीस वर्षांची वाट तिच्या डोळ्यांत होती. मी म्हटलं, "आला गो आये. तसाच हाय तुजा आवाज."

आई रडली. मॅडमही रडल्या. जन्मात मी एकच ढोंग केलं, ते हे.

यंत्राला मी शिव्या देणार नाही. सहा-सात महिन्यांत मला एसटीचा हॉर्न कळायला लागला. नळाला पाणी आलेलं कळायला लागलं. समोर माणूस असला की अर्धं ओठांवरून, अर्धं डबीतून, असं मिळून बोलणं समजायला लागलं. मॅडम म्हणायच्या, हळूहळू आवाज माणसांचे होतील. झालेही. शेठ शेठसारखे वाटायला लागले, शेजारीण शेजारणीसारखी. आईचा मात्र झाला नाही. कारण बाकीच्यांचे आवाज मला आधी ठाऊक तरी नव्हते किंवा मी विसरले होते, त्यामुळे जे येईल ते त्यांचं. आईचा ठाऊक होता.

आणि मग सर्वांत वाईट झालं. डबी काढून ठेवायची, डोळे मिटायचे, बांधावरची आई समोर आणायची. हाक यायची, पण आता तीही पत्र्याची यायची. डोक्यातल्या जुन्या आवाजाच्या जागेत नवीन भाडेकरू घुसला होता आणि बाहेर निघत नव्हता. मी रोज जुना आवाज शोधायची. जाडसर होता, शेवटी फाटायचा, हे शब्द आठवायचे. आवाज आठवायचा नाही. डबी बंद असतानाही ती पत्र्याची हाक मला पाठीमागून यायची, भर दुपारी, कामात, बाजारात. मी दचकायची. ओ द्यायची नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही. ज्याच्यासाठी डोकं फोडून घेतलं तेच त्या भोकातून निघून गेलं, हे कोणाला सांगणार?

कारखान्यात वेगळीच तऱ्हा. एका मोठ्या मूर्तीची आखणी चालली होती. कोणीतरी रंगाचा रिकामा डबा खाली टाकला. तो आवाज माझ्या डोक्यात फुटला, हात उडाला आणि पापणीची रेघ थेट कपाळावर गेली.

शेठ डोक्याला हात लावून म्हणाले, "घ्या! कान आले नि हात गेला. आता हिला ठेवून करायचं काय?"

तेव्हापासून मी कामावर डबी काढून जेवणाच्या पिशवीत ठेवायला लागले. हात परत स्थिर झाला. मग एक दिवस मंडळाचे एक गृहस्थ न सांगता बघायला आले. त्यांना डबी भाकरीशेजारी सापडली. ती त्यांनी दोन बोटांनी उचलून सगळ्या कारखान्याला दाखवली. दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप शेठकडे आला. एवढी मोठी वस्तू दिली, ती बंद ठेवते? लोकांच्या पैशाची काही चाड? शेठ मला म्हणाले, "साहेब लोकांच्या समोर तरी चालू ठेव गो. त्यांची वस्तू हाय."

त्यांची वस्तू. ती बसली होती माझ्या कवटीत, पण वस्तू त्यांची. म्हणजे ते डोकंही त्यांचंच झालं. मी तेव्हा मान हलवली. उपकाराखाली मान आपोआप हलते.

मंडळाचा वार्षिक समारंभ रोह्याला होता. शेठनी मला आणि आईला जीपमध्ये घालून नेलं. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. हॉलच्या दारावरच कापडी फलक होता, माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: देवाला डोळे देणारीला आम्ही कान दिले. आईला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, काय लिवलंय? मी म्हटलं, तुजी पोरगी लय हुशार हाय असं लिवलंय.

वह्या वाटून झाल्या. शिलाई मशीन देऊन झाल्या. शेवटी माझं नाव पुकारलं. मला वाटलं होतं शाल, नारळ, नमस्कार, संपलं. साहेबांनी मला माइकजवळ नेलं आणि माझे खांदे धरले. खांदे धरल्याबरोबर मला कळलं. माझं अंग नऊ वर्षांचं झालं.

त्यांनी मला वळवलं. लोकांकडे पाठ, तोंड मागच्या पडद्याकडे. पडदा तांबडा होता, एका जागी टाके घातलेले होते. मी त्या टाक्यांकडे बघत उभी राहिले, चुन्याच्या पोपड्याकडे बघत होते तशीच.

पाठीमागे टाळी वाजली. मॅडमनी शिकवलं होतं तसा मी हात वर केला. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला आणि डबीत कल्लोळ झाला. मग चमच्याने ताट वाजवलं. मी हात वर केला. पुन्हा टाळ्या. मग साहेबांनी माझं पूर्ण नाव घेतलं. मी वळले. लोक उभे राहिले. साहेबांनी मला परत पडद्याकडे फिरवलं आणि माइकवर काहीतरी बोलले. लाउडस्पीकरचं सलग बोलणं मला कळत नसे, नुसता खडखडाट. नंतर कळलं, ते म्हणाले होते की आता सर्वांत हृद्य क्षण, मुलगी आईची हाक ऐकणार.

मी वाट बघत उभी होते. आई मंचावर आलेली मला ठाऊक नव्हतं.

आणि पाठीमागून हाक आली. पत्र्याची, लाउडस्पीकरमधून आणखी चिरकलेली, चारी भिंतींवरून एकदम.

"बाय गो."

मी वळले नाही. मला खरंच वाटलं की ही तीच, रोज पाठीमागून येणारी. भर सभेत आली. मी दुसऱ्या हाकेची वाट बघितली. आईची असेल तर दुसरी येईल, तिसरी येईल. आईने उभ्या जन्मात मला एकदा हाक मारून सोडलेलं नाही. मी टाक्यांकडे बघत मोजत होते. एक. एक. एकच.

दुसरी आली नाही.

दुसरी का आली नाही ते आईने मागाहून सांगितलं. साहेबांनी तिला बजावलं होतं, एकदाच हाक मारायची, नाहीतर परीक्षा कसली? मी वळले नाही तशी ती दुसरी हाक मारायला गेली, तर त्यांनी माइक तिच्या तोंडापुढून काढून घेतला. ती तशीच, उघड्या तोंडाने, चारशे-पाचशे माणसांसमोर उभी राहिली.

मग मंचाच्या फळ्या थरथरायला लागल्या. लोक हसत होते की चुळबुळत होते, कोण जाणे. मी वळले. आई माइकपासून दोन हातांवर होती, पदर दोन्ही मुठींत. साहेब बाईंकडे झुकले होते. माइक त्यांनी खाली धरला होता, म्हणजे हे बोलणं कोणाला ऐकू जाणार नव्हतं. पण त्यांना मिशी नव्हती.

ओठ गोल झाले, मिटले. "ढोंग करते का ही?"

माझ्या आत काहीतरी तुटलं असं म्हणायची पद्धत आहे. माझं तुटलं नाही, जोडलं गेलं. ती भिंत आणि हा पडदा. ते गुरुजी आणि हे साहेब. मारणाराही तोच आणि देणाराही तोच. दोघांनाही माझी पाठच हवी होती. पाठीला तोंड नसतं, पाठ उलट बोलत नाही.

मी कानामागची चकती काढली. हॉल एका क्षणात गप्प झाला. माझ्यापुरता. मी साहेबांच्या हातातून माइक घेतला. माझा आवाज मला ऐकू येत नव्हता, तो कसा निघाला असेल ते माहीत नाही. बहिऱ्याचा आवाज वेडावाकडा निघतो. निघू दे म्हटलं. जे बोलले ते अक्षर न् अक्षर मला पाठ आहे.

"मला ऐकू आलं. मी मुद्दाम नाय वळले. आमच्यात तिसऱ्या हाकेला वळतात, येकदा हाक मारतं ते भूत. तुमी माज्या आयला भूत केलंत. ढोंग मी नाय करीत. परीक्षा घ्यायची तं माज्या तोंडासमोर या."

साहेबांचे ओठ खूप हलले. त्यातला 'कृतघ्न' मी वाचला. बाकीचं वाचायचे मी कष्ट घेतले नाहीत. न वाचायचं असेल तर नजर वळवायची, ही सोय फक्त आम्हालाच आहे. मी आईचा हात धरला आणि पायऱ्या उतरले. शाल-नारळ खुर्चीवरच राहिले. शेठ जीपजवळ हात जोडून कोणाचीतरी माफी मागत होते. आम्ही जीपकडे गेलोच नाही.

चालत कुंडलिकेच्या पुलावर आलो. पलीकडे अष्टमी गावात पेणची गाडी मिळते. ऊन कलत होतं. पुलाच्या मध्यावर आई थांबली, मला कठड्याशी धरून समोरासमोर उभं केलं. डबी बंदच होती. मी तिचे ओठ बघत होते.

"माजा आवाज तो नाय ना?" तिने विचारलं.

आता खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "नाय गो आये. पैल्या दिवसापासून नाय."

"मना ठावं व्हतं."

"कसं ठावं?" मी विचारलं.

"ल्हान व्हतीस तवा पैल्या हाकेला धावायचीस. मी तुला मारायची, तरी धावायचीस. डबी लावल्यापासून तू तिसरीला वळतेस." तिने पदराने तोंड पुसलं. "परक्यासाठी वळतात तशी."

वर्षभर तिला माहीत होतं. वर्षभर ती रोज मला तीन हाका मारत होती आणि मी कितव्या हाकेला वळते ते बघत होती. एकदा तरी पहिलीला वळेन म्हणून. मी पुलावर रडले, आई रडली नाही. ती मला विचारत राहिली, जुना आवाज अजून हाय का तुज्याकडं? मी मान हलवून नाही म्हटलं. मग तिनेही मान हलवली आणि आम्ही गाडी पकडायला निघालो.

तिसऱ्या दिवशी शेठकडे निरोप आला, मंडळाची वस्तू परत पाठवा. शेठनी मला समोर उभं करून तो सांगितला. मी माझे केस बाजूला केले आणि कानामागचा व्रण त्यांना दाखवला. म्हटलं, "अर्धी वस्तू इथं हाडात हाय. काढून न्यायची तं साहेबांना स्वतःला पाठवा, सुरी घेऊन. डबी त्या अर्ध्यासंगं राहील." निरोप घेऊन कोणी गेलं की नाही ते माहीत नाही. न्यायला मात्र कोणी आलं नाही. पुढे वायर तुटली तेव्हा मंडळाने हात वर केले. मी माझ्या मजुरीतून, चार महिने थांबून, ती मुंबईहून आणवली. ते चार महिने मी बहिरी होते आणि मला काही कमी पडलं नाही.

शेठनी मला काढलं नाही. धर्म म्हणून नव्हे. गणपती दोन महिन्यांवर आले होते आणि पाचशे मूर्ती आंधळ्या उभ्या होत्या.

निरोप आला त्याच आठवड्यातली गोष्ट. मी आखणीला बसले होते. डबी पिशवीत, आता उघडपणे. पाठीत शाडूचा गोळा लागला. मी पापणी पुरी केली आणि ब्रश धुतला. दुसरा गोळा लागला, मानेपाशी. ओला, गार. मी दुसऱ्या डोळ्याची रेघ धरली. तिसरा लागला, जोरात. माझ्या समोर बसलेल्या बाया हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या.

आई म्हणायची, भूत तिसऱ्यांदा हाक मारीत नाही. ते खरं असेल. पण शेठ मारतात, साहेब मारतात, गुरुजी मारतात. तीनदा मारली म्हणून कोणी आपलं होत नाही, हे आईला माहीत नव्हतं, ते मला रोह्याच्या मंचावर कळलं: टाळी, ताट, नाव, साहेबांनीही तीनदाच बोलावलं होतं. मी वळले नाही. रेघ सरळ आली.

शेवटी शेठ उठले. मूर्तींच्या दोन रांगा वळसा घालून, धोतर सावरत, माझ्या समोर येऊन उभे राहिले. कारखान्यात मला सतरा-अठरा वर्षं झाली होती. ते पहिल्यांदा माझ्यापर्यंत चालत आले. त्यांचे ओठ हलले, "काय गो, मारतोय कवापासून—"

मी ब्रश खाली ठेवला. "आता बोला."

आई पुढे चार वर्षं होती. मी रोज तिच्या समोर बसून जेवले, तिच्याकडे पाठ करून एकदाही बसले नाही. तिचा जुना आवाज मला परत मिळाला नाही, मिळणारही नाही. पत्र्याची हाक अजून येते. बाजारात, स्टँडवर, आखणीची रेघ अर्ध्यावर असताना. पाठीमागून, एकदाच. मी थांबत नाही आणि मोजतही नाही. ती भुताची असो, साहेबाची असो की देवाची. ज्याला माझ्याशी काम असेल त्याने वळसा घालून यावं. मी इथे, समोर बघत बसले आहे.